कायद्यानं बारा, मोडानं सत्तेचाळीस

आधीच सांगून ठेवतो, आमच्या तळघरात गांजा होता आणि तो कायदेशीर होता. म्हणजे त्यातली बारा रोपं कायदेशीर होती. उरलेल्या पस्तिसांबद्दल ज्याला जे म्हणायचं ते त्यानं खुशाल म्हणावं. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, माझे कान मला हवं तेवढंच ऐकतात.

सगळं सुरू झालं माझ्या उजव्या गुडघ्यापासून. डावाही काही फार सज्जन नाही, पण पुढारपण उजव्याकडे. मिशिगनमध्ये घराला तळघर असतं, तळघराला तेरा पायऱ्या असतात, आणि या पायऱ्यांवर आमच्या चिरंजीवांचा डोळा होता. शंतनू राहतो टेक्सासात, फ्रिस्कोला. तिथे त्याच्या घरात खालच्या मजल्यावर आमच्यासाठी एक खोली तयार आहे. तिला पायरी नाही, उंबरा नाही, न्हाणीघरात धरायला चार दांडे आहेत. त्या दांड्यांचे फोटो त्यानं आम्हाला पाठवले. मुलगा आईबापांना दांड्यांचे फोटो पाठवायला लागला की समजावं, आपलं आता सामान झालं.

दर रविवारी फोनवर तोच विषय. ऑगस्टात त्यानं निर्वाणीचं सांगितलं, "बाबा, डिसेंबरमध्ये मी येतोय. तुम्ही बेसमेंटचे स्टेप्स नीट चढू-उतरू शकलात तर ठीक. नाहीतर स्प्रिंगमध्ये घर विकायला लिस्ट करायचं. डील?"

मी बेचाळीस वर्षं डेट्रॉइटच्या कारखान्यांत गिअरचे दात जुळवण्यात घालवली. इतक्या सरळ धमकीला 'डील' म्हणतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पण मी 'डील' म्हणालो. या घराच्या बर्फाशी माझं एकतीस वर्षांचं वैयक्तिक भांडण आहे. ते अर्धवट टाकून, जिथे बर्फच पडत नाही अशा गावी जाऊन बसणं म्हणजे रणातून पळ काढणं. आमच्या कुळात हे कुणी केलेलं नाही. (आमच्या कुळात कुणी रणातच गेलेलं नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

तेव्हा गुडघा दुरुस्त करणं आलं. इथे राजीवचा प्रवेश होतो. राजीव हा पलीकडच्या गल्लीतला निवृत्त भूलतज्ज्ञ. त्यानं चाळीस वर्षं लोकांना औषध देऊन झोपवलं, आता नुसतं बोलून झोपवतो. त्यानं मला एका चटणीच्या बाटलीतून हिरवट मलम दिलं. मी ते चार दिवस चोळलं आणि पाचव्या दिवशी गुडघ्यानं कुरकूर न करता मला पत्रपेटीपर्यंत नेऊन आणलं.

"यात काय आहे रे?" मी विचारलं.

"खोबरेल," राजीव म्हणाला, "आणि थोडा गांजा."

मी हातातली बाटली खाली ठेवली. मग पुन्हा उचलली, कारण गुडघा राजीवच्या बाजूनं होता. राजीवनं समजावलं, की मिशिगनमध्ये एका घराला बारा झाडं लावायची मुभा आहे, कुलपाच्या आड, रस्त्यावरून दिसणार नाहीत अशी. त्याची बारा झाडं त्याच्या गॅरेजमध्ये होती. होती म्हणजे काय, सहा-सहा फुटांची, बाहू पसरून उभी. गॅरेजमध्ये गाडीच मावत नव्हती. मी दुसरी बाटली मागितली तर म्हणाला, "दुकानातून आण. मी काय धर्मशाळा उघडलीय?"

म्हणून गांजाच्या परवानाधारक दुकानात गेलो. दारावरच्या पोरीनं माझं ओळखपत्र मागितलं. मी एकवीस वर्षांचा आहे की नाही हे तिला बघायचं होतं. मी म्हटलं, "बाळ, माझा गुडघाच एकवीस वर्षांपासून दुखतोय." पण तिनं ते कार्ड उजेडात धरून, उलटसुलट करून बघितलं. आत गेलो तर रांगेत माझ्या पुढे प्रतिमा. प्रतिमा म्हणजे आमच्या मंडळाच्या गणपतीला अथर्वशीर्षाचं पाठांतर घेणारी, जिच्यासमोर मी स्वतः उच्चार चुकू नयेत म्हणून नुसते ओठ हलवतो. आम्ही दोघांनी एकाच वेळी छताकडे बघितलं. छत चांगलं होतं. शेवटी तिलाच राहवलं नाही.

"देवदत्तराव, हे माझ्या शेजारणीसाठी हं. तिचे गुडघे दुखतात."

"माझ्याही शेजाऱ्याचे," मी म्हणालो.

अमेरिकेत सगळे दुखरे गुडघे शेजाऱ्यांचेच असतात. मी काही न घेता बाहेर पडलो आणि गाडीत बसून ठरवलं, की आपलं आपण लावायचं. जो माणूस बाजारात जाऊन कोथिंबिरीची जुडी ताठ मानेनं मागतो, त्यानं छताकडे बघत खरेदी करायची नाही.

आता मी इंजिनिअर. वाचल्याशिवाय कुंडीला हात लावत नाही. वाचून कळलं, की दोन रीती आहेत. एक राजीवची: मोजकी झाडं, त्यांना मोठं होऊ द्यायचं, महिनोन्महिने वाट बघायची. दुसरी म्हणजे पुष्कळ लहान रोपं एकमेकांना खेटून लावायची, उंच होऊच द्यायची नाहीत, वरून बघितलं तर हिरवा गालिचा. ही रीत लवकर पिकते. मला डिसेंबर गाठायचा होता, तेव्हा गालिचा हाच मार्ग.

हे मी वसुधाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, आकृती काढून समजावून सांगितलं. तिनं आकृतीकडे बघितलंसुद्धा नाही.

"यात शिकायचं काय आहे? आपण दरवर्षी घट बसवतो ना? एवढीशी परडी, मूठभर धान्य, दाटीवाटीनं पेरलेलं. घरात, कोपऱ्यात. नऊ दिवसांत वीतभर येतं. तुमच्या त्या वेबसाइटवाल्यांना म्हणावं, आमच्या आज्या-पणज्या हेच करत होत्या."

"त्यांनी गांजा नाही लावला."

"त्यांचे गुडघे चांगले होते."

बियाणं राजीवनं दिलं, पन्नास बिया, सुपारीच्या डबीत. मी हिशोब केला, की आपल्या हाताला काही यश नाही, तेव्हा पन्नासातल्या बारा उगवल्या तरी गंगेत घोडं न्हालं. हा हिशोब बरोबर होता, फक्त त्यात वसुधा धरलेली नव्हती. तिनं त्या बिया मटकीसारख्या भिजवल्या, ओल्या पंच्यात बांधल्या आणि ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून उबेला ठेवल्या. माझ्या बायकोच्या हातचे मोड बावन्न वर्षांत एकदाही फसलेले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली तर पन्नासातल्या सत्तेचाळीस बियांना असे मोड आलेले, की सवयीनं मी फोडणीला कढई काढणार होतो.

कुंड्यांचा प्रश्न आला नाही. मराठी घरात दह्याचा रिकामा डबा कुणी फेकत नाही, आणि आम्ही एकतीस वर्षं दही खातोय. तळघरातल्या प्लायच्या टेबलावर, पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली सत्तेचाळीस डबे एकमेकांना चिकटून उभे राहिले. प्रत्येकावर 'प्लेन, होल मिल्क' असं लिहिलेलं. आठवड्याभरात हिरवळ आली. मी खुर्ची टाकून तासन्तास बघत बसायचो. लहान मुलांचा वर्गच जणू, सगळे हात वर करून उभे.

आणि मग कायदा आठवला. बारा.

माझं या कायद्याशी तात्त्विक भांडण आहे आणि ते मी इथे नोंदवून ठेवतो. कायदा शिरगणती करतो. राजीवची सहा फुटी बारा झाडं चालतात, छताला लागलेली, गाडीला घराबाहेर काढणारी. माझी सत्तेचाळीस एकत्र करून पिळली असती तरी राजीवच्या एका झाडाचा एक खांदा भरला नसता. पण नाही! राजीव सज्जन आणि मी गुन्हेगार. हे म्हणजे बारा हत्ती पाळणाऱ्याला सलाम आणि सत्तेचाळीस मुंग्यांवरून खटला.

"जास्तीची उपटून टाक," राजीव म्हणाला.

"उगवलेलं रोप उपटायचं नाही," वसुधा म्हणाली. तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की राजीव, जो कुणालाही पुढची पंधरा मिनिटं सोडत नाही, तो चहा अर्धा टाकून घरी गेला.

मग तोडगाही तिनंच काढला. बारा इथे ठेवायची आणि बाकीची सांभाळायला द्यायची. प्रत्येक घराला बाराची मुभा आहेच. उलट विचार करा, लोकांचा कोटा नुसता वाया जातोय! आम्ही यादी केली. पहिला फोन अर्थात मिहीरला, कारण तो समोरच राहतो आणि नागपूरचा असल्यामुळे कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही. या वेळी म्हणाला.

"काका, माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे! वॉशिंग्टनवाल्यांच्या लेखी हे अजून इल्लीगल आहे. तुम्ही फोनवर तो शब्द बोललातच कसे यार?"

त्या दिवसापासून मिहीर आमच्याकडे येताना खिडक्यांकडे पाठ करून येऊ लागला. त्याची बायको रुचा तर आमच्याकडून आलेली पालकाची भजीसुद्धा उजेडात धरून बघायची. त्यांना दोष देत नाही. एकवीस वर्षांच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसानं कुणाच्याही रोपाला पाणी घालू नये.

तेव्हा नागरिकत्व मिळालेली घरं शोधली. बारा रोपं प्रतिमाकडे गेली ("शेजारणीसाठीच हं," ती पुन्हा म्हणाली). बारा आश्लेषाकडे, जी योगासनं शिकवते. अकरा कृष्णाकडे. कृष्णा हा निवृत्त दंतवैद्य, एकटा राहतो आणि कुणाचंही तोंड बघून आधी दाढा मोजतो. आमचा मेळ जमला. बारा, बारा, बारा आणि अकरा. प्रत्येक घर कायद्यात, प्रत्येक अंतःकरण शुद्ध.

पुढचे दोन महिने आमच्या गावात दुसरा विषय नव्हता. मंडळाच्या कोजागरीला मसाल्याच्या दुधाभोवती लोक वाढ-उंचीच्या गोष्टी बोलत. कृष्णा तांदळाचं धुवण घालायचा. आश्लेषा रोपांसमोर प्राणायाम करायची, म्हणे त्यांना कार्बन डायऑक्साइड लागतो. प्रतिमा सकाळी तंबोरा लावून ठेवायची, आणि तिची रोपं खरंच एका सुरात वाढली होती. हे मी खोटं सांगत नाही, जाऊन बघावं. जो तो मला येऊन सांगायचा, की माझ्या बारांचं कुठे चुकतंय. मी सगळ्यांचं ऐकायचो आणि दिवसातून दहा वेळा तेरा पायऱ्या उतरून वर यायचो. मलमाचा पत्ता नव्हता, पण या उतरण्या-चढण्यानं गुडघाच सरळ झाला. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. इतक्या मोठ्या प्रकल्पाचा उद्देश मध्येच पूर्ण झाला म्हणून सांगायचं कसं?

इथे सगळं संपलं असतं. पण माझे वडील कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क होते. 'लेखी घेऊन ठेव' हे वाक्य मी दुधाबरोबर प्यायलोय. ऑक्टोबरात एके दिवशी मनात आलं, सगळं कायदेशीर आहे खरं, पण कशावरून? आणि मी आमच्या नगरपालिकेला पत्र लिहिलं. तीन पानी. त्यात विचारलं, की रोप हे नेमकं कोणत्या क्षणापासून रोप धरावं: मोड आल्यावर, दोन पानं फुटल्यावर, की अमुक इतकी उंची झाल्यावर? उंचीच्या सरासरीवर काही सवलत आहे का? सोबत आलेख जोडला.

कुणी विचारलं होतं का? नाही. तक्रार होती का? तीही नाही. साऱ्या अमेरिकेत असा दुसरा माणूस सापडणार नाही, ज्यानं आपल्याच तळघराबद्दल सरकारला आपणहून पत्र पाठवलं, तेही दोन प्रतींत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. 'आपल्या प्रश्नाचं स्वरूप पाहता, आमचे अधिकारी श्री. कोवाल्स्की अठरा तारखेला सकाळी दहा वाजता प्रत्यक्ष येऊन पाहतील.'

वसुधानं पत्र वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं. "अठरालाच संध्याकाळी शंतनू येतोय," एवढंच म्हणाली.

"मग काय झालं? आपल्याकडे बाराच आहेत. येऊ दे. चहा पिऊन जाईल."

मी खरोखरच निर्धास्त होतो. एक गोष्ट मी विसरलो होतो, जी इथल्या मराठी माणसानं विसरू नये. डिसेंबरच्या मध्याला सगळी माणसं भारतात जातात. आणि जाताना आपली तुळस, आपला कढीपत्ता, आपला गवती चहा कुठे ठेवतात? निवृत्त काका-काकूंकडे.

सतरा तारखेला सकाळी अकरा वाजता आश्लेषाची गाडी दारात. "काका, एअरपोर्टला निघालेय, तीन आठवडे फक्त! कढीपत्त्याला आठवड्यातून एकदा, आणि या बाराजणांना रोज." मी तोंड उघडेपर्यंत ती वळणावर होती. दुपारी कृष्णा आला, अकरा डबे आणि एक गवती चहा. "मुलीकडे बॉथेलला चाललोय. जानेवारीत भेटू. दात घासताय ना?" संध्याकाळच्या चहाला प्रतिमा, पुण्याला भाचीच्या लग्नाला निघालेली. सोबत बारा डबे, एक तुळस, सूचनांचा कागद आणि तंबोऱ्याचं यंत्र.

"प्रतिमाताई, उद्या तपासणी आहे हो!" मी अक्षरशः हात जोडले.

"कसली, गुडघ्याची? बघा, शेजारणीला सांगते. चला, माझं विमान आहे."

तळघरात सत्तेचाळीस रोपं पुन्हा एकत्र आली. खरं सांगतो, मला आनंद झाला. जत्रेत हरवलेली भावंडं भेटावीत तशी ती पानाला पान लावून उभी राहिली. काय गालिचा होता! मग मी भानावर आलो आणि पायरीवर बसलो.

राजीव फ्लोरिडाला पळाला होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "पस्तीस उपट. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचं होतं, हे मलाही ठाऊक होतं. दंड झाला असता, नोंद झाली असती, आणि शंतनूला दारात पाऊल ठेवताच हातात सरकारी कागद मिळाला असता: पाहा, तुमचे वडील. त्या कागदावर घर विकलं गेलं असतं. मी एका डब्यापाशी गेलो. कृष्णाचा होता, त्यावर त्यानं दातांच्या डॉक्टरांच्या अक्षरात 'मोलर नं. ४', म्हणजे चौथी दाढ, असं लिहून ठेवलं होतं. मी देठाला हात घातला आणि काढून घेतला.

"लोकांची ठेव आहे," मी वर येऊन वसुधाला म्हणालो. "गावाला जाताना विश्वासानं ठेवलीय. मी उपटणार नाही. होऊ दे काय व्हायचं ते."

"मी उपटा म्हटलं का?" वसुधा म्हणाली. ती खुंटीवरच्या किल्ल्या बघत होती. "कागदावर काय लिहिलंय? घरात किती, एवढंच ना? मग उद्या सकाळी ती घरात नसतील."

"मी तर इथे पाहिजे. गाडी कोण चालवणार?"

तिनं गाडीची किल्ली खुंटीवरून काढली. दोन वर्षांपूर्वी तिनं शेजाऱ्याची पत्रपेटी आडवी केली होती, तेव्हापासून शंतनूनं तिच्याकडून वचन घेतलं होतं, की गाडीला हात लावायचा नाही. ते वचन तिनं पाळलं होतं. पण लायसन्स पर्समधून काढलं नव्हतं.

सकाळी बघतो तर सहा इंच बर्फ. आमच्या जुन्या मिनीव्हॅनमध्ये दिवाळीच्या पंगतीचे ॲल्युमिनियमचे ट्रे मांडून पस्तीस डबे बसवले. मागच्या बाकावरच्यांना वसुधानं पट्टे लावले. हीटर पूर्ण. एवढ्यात समोरून मिहीर फावडं घेऊन आला. तो आमच्याकडे पाठ करून, उलटा चालत आला.

"काका, मी ड्राइव्हवे साफ करून देतो. गाडीत काय आहे ते मला सांगू नका. मी काहीही पाहिलेलं नाहीये."

"कढीपत्ता आहे," वसुधा म्हणाली.

"काकू, प्लीज! इतका वास कढीपत्त्याला नसतो!"

त्यानं उलट्या दिशेनं सगळा बर्फ उपसला आणि वसुधा साडेनऊला गेली. जाताना तिनं वळणाचा दिवा लावला, आमच्याच अंगणातून बाहेर पडायला.

दहाला श्री. कोवाल्स्की आले. पन्नाशीचा अगडबंब माणूस, हातात फळी, फळीवर माझं तीन पानी पत्र. माझ्या आलेखावर कुणीतरी कॉफीचा कप ठेवलेला होता, त्याचं मला वाईट वाटलं. तळघराच्या दारापाशी कोवाल्स्कींनी खाली बघितलं, कठडा धरला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पोलिश म्हणाले. मी पुढे झालो आणि तेरा पायऱ्या उतरून खाली उभा राहिलो. ते एकेक पाऊल टाकत आले.

"गुडघा?" मी विचारलं.

"दोन्ही," ते म्हणाले.

त्यांनी पेन्सिलीनं एकेका डब्याकडे बोट करत मोजलं. बारा. मग आश्लेषाच्या कढीपत्त्यापाशी थांबले. "हे काय?" मी पान चुरगळून त्यांच्या नाकाखाली धरलं. त्यांना शिंक आली. मग गवती चहा, मग तुळस. प्रत्येक वनस्पतीचा मी आयुर्वेदासकट परिचय करून दिला. शेवटी ते टेबलापाशी परतले आणि वाकून बघू लागले. प्लायवर ओली वर्तुळं उमटली होती. एकमेकांना खेटून, व्यवस्थित, पस्तीस.

"इथे काय होतं?"

"दह्याचे डबे," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं.

"एवढे?"

"आम्ही महाराष्ट्रीय आहोत."

त्यांनी वर्तुळांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मीही बघत राहिलो. या वेळी छताकडे नाही. आणि नेमकी त्याच क्षणी वरून हाक आली, "बाबा! सरप्राइज! मी मॉर्निंगची फ्लाइट घेतली!"

शंतनू धडाधडा खाली उतरला. त्यानं दिवा बघितला, बारा रोपं बघितली, फळीवाला माणूस बघितला. तो टेक्सासचा रहिवासी, जिथे एका रोपालाही मुभा नाही. त्याचा चेहरा त्या दिव्याहून पांढरा झाला.

"व्हेअर इज आई?"

"फिरायला गेलीय."

"इन धिस स्नो? कुणाबरोबर?"

"पस्तीसजणांबरोबर," माझ्या तोंडून निघून गेलं. ते मराठीत होतं म्हणून वाचलो.

कोवाल्स्कींनी फळीवर 'बारा' लिहिलं, सही केली, आणि माझ्या पत्राचं अधिकृत उत्तरही दिलं. "मुळं असतील तर ते रोप." तीन पानांना एका वाक्याचं उत्तर. मी म्हटलं, लेखी द्या. त्यांनी दिलं.

ते गेले आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघे समोरासमोर बसलो. मी सगळं सांगितलं. शंतनूनं आईला फोन लावला. उचलला नाही. साडेअकरा वाजले. पुन्हा लावला. बारा, साडेबारा. बाहेर बर्फ पुन्हा सुरू झालेला. "हेच, बाबा! एक्झॅक्टली हेच मी म्हणत होतो! गांजासाठी तुम्ही सत्तर वर्षांच्या बाईला बर्फात पाठवलंत!" त्याचा आवाज फाटला. माझ्या डोक्यात फक्त रस्त्याकडेच्या चारीत तिरकी झालेली मिनीव्हॅन होती. एक वाजता मी कोट चढवला. तो म्हणाला मी जातो, मी म्हणालो मी जातो, आणि आम्ही दोघे एकाच दारातून एकाच वेळी बाहेर पडायला गेलो आणि अडकलो.

तेव्हाच वळणावर दिवे दिसले. मिनीव्हॅन सावकाश आली, आत वळली, मधोमध थांबली. काचा आतून वाफेनं धुरकटलेल्या. वसुधा खाली उतरली. गाल लाल, शाल विस्कटलेली, डोळे असे चमकत होते की मी तिला वीस वर्षांत तशी बघितली नव्हती.

"आई! फोन का नाही उचललास?"

"गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही असं तूच सांगितलंयस ना?"

"पण होतीस कुठे?"

"पोर्ट ह्यूरॉनला. सरोवरापर्यंत. थांबले की हीटर बंद करावा लागतो, रोपं गारठतील, म्हणून चालवत राहिले. मग रस्ताच संपला, पुढे पाणी. काय सुंदर दिसत होतं रे! पेट्रोल भरायला थांबले तर एक मुलगा खिडकीशी आला, वास घेतला आणि म्हणाला, 'गॉड ब्लेस यू, ग्रँडमा.' येता-जाता दीडशे मैल झाले, शंतनू. बर्फात."

शंतनू गाडीकडे बघत राहिला. मागच्या बाकावर रोपं ताठ उभी होती, एकही कललेलं नव्हतं.

"आई, टेक्सासमध्ये याच्यासाठी जेल आहे."

"म्हणूनच आम्ही तिथे राहायला येणार नाही," वसुधा म्हणाली. "फेब्रुवारीत येऊ. दोन आठवडे, पाहुणे म्हणून. ते दांडे असू दे, टॉवेल वाळत घालायला बरे पडतील. आणि हे घर विकायचं नाही. हा विषय आता रविवारी नको, सोमवारीही नको."

तो माझ्याकडे वळला. मी गाडीपाशी गेलो, दोन डबे उचलले, तळघरात गेलो, ठेवले आणि परत वर आलो. कठड्याला हात लावला नाही. त्यानं ते बघितलं. मग पुन्हा आईकडे बघितलं, बर्फाकडे बघितलं, आणि एक मोठा उसासा सोडला, तो वाफ होऊन बराच वेळ हवेत राहिला.

"उभा काय राहिलायस?" वसुधा म्हणाली. "थंडीनं मरतील ती. एकेक ट्रे आत ने. देठाला धरू नकोस, डब्याला धर."

आणि आमचा शंतनू, फ्रिस्कोच्या घरमालक संघाचा खजिनदार, पहिला ट्रे छातीशी धरून तेरा पायऱ्या उतरू लागला. "बाबा, हे मोलर नंबर फोर कुठे ठेवू?" त्यानं खालून विचारलं.

"भावंडांजवळ," मी म्हणालो, "खेटून."

मी पायरीवर उभा राहून मोजत होतो. बारापर्यंत मोजलं. पुढे मोजायची मला काही गरज वाटली नाही.